टेम्पो हलेना, बीळ उघडेना

"ऊठ माझ्या दारावरून."
"नाही उठत."
"ऊठ म्हणते ना."
"नाही म्हटलं ना."

भांडत होती इटुकली उंदरी. भांडत होतं टेम्पोचं काळं चाक. चाक उभं होतं तिच्या बिळावर. बिळात होतं तिचं पिल्लू.

टेम्पोत विटाच विटा. इंजिन थडथडत होतं. बिळात माती पडत होती, भुरुभुरु. पिल्लू रडत होतं, चुईं चुईं चुईं.

चाक म्हणालं, "माझ्यावर काय ओरडतेस? गिअर पडेल, तर मी फिरेन. आधी त्याला सांग."

उंदरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. शिरली टेम्पोच्या पोटात. तिथे होता दातांचा गिअर.

"गिअरदादा, गिअरदादा,
चाक फिरेना,
पिल्लू माझं बाहेर येईना.
तू पड ना."

गिअरने दात खाल्ले. कर्रर्र! "माझे दात बघ किती दुखतात. क्लचची प्लेट सुटेल, तर मी पडेन. आधी तिला सांग."

माती भुरुभुरु. पिल्लू चुईं चुईं.

उंदरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. क्लचची प्लेट गोल गोल. इंजिनाला मिठी मारून बसलेली.

"प्लेटताई, प्लेटताई,
गिअर पडेना,
चाक फिरेना,
पिल्लू माझं बाहेर येईना.
तू सूट ना."

प्लेट म्हणाली, "मला काय हौस आहे? पेडल दबेल, तर मी सुटेन. आधी त्याला सांग."

माती भुरुभुरु. पिल्लू चुईं.

उंदरी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. चढली ड्रायव्हरच्या पायापाशी. तिथे होतं क्लचचं पेडल.

"पेडलराव, पेडलराव,
प्लेट सुटेना,
गिअर पडेना,
चाक फिरेना,
पिल्लू माझं बाहेर येईना.
तू दब ना."

पेडल म्हणालं, "दबतो की. पण अर्ध्यातच अडतो. ढब्ब! खाली बघ कोण बसलंय. नारळ हलेल, तर मी दबेन. आधी त्याला सांग."

पेडलखाली होता शेंडीवाला नारळ. फुगून बसलेला.

"नारळोबा, नारळोबा,
पेडल दबेना,
प्लेट सुटेना,
गिअर पडेना,
चाक फिरेना,
पिल्लू माझं बाहेर येईना.
तू हल ना."

नारळ म्हणाला, "मी पूजेचा. मी आपणहून हलत नसतो. गेनूकाका उचलेल, तर मी हलेन. आधी त्याला सांग."

माती भुरुभुरु. पिल्लू गप्प.

उंदरी चढली ड्रायव्हरच्या गुडघ्यावर, तुरुतुरु तुरुतुरु.

गेनूकाका म्हणजे टेम्पोचा ड्रायव्हर. आज दसरा. सकाळी त्याने टेम्पोची पूजा केली. झेंडूची माळ घातली. नारळ ठेवला देवापुढे, काचेजवळ. मग इंजिन सुरू केलं. थडथड थडथड. नारळ गडगडला. काकाला पत्ताच नाही.

"गेनूकाका, गेनूकाका,
नारळ हलेना,
पेडल दबेना,
प्लेट सुटेना,
गिअर पडेना,
चाक फिरेना,
पिल्लू माझं बाहेर येईना.
तुम्ही नारळ उचला ना."

काका म्हणाला, "पूजेचा नारळ आहे तो. पहिली फेरी झाली, की मगच उचलायचा. आमची रीत आहे."

"अहो, नारळ उचलल्याशिवाय फेरी होणार नाही."
"फेरी झाल्याशिवाय नारळ उचलणार नाही."
"उचला."
"नाही उचलत."

उंदरी चढली स्टिअरिंगवर. काकाच्या नाकासमोर उभी राहिली. एकच वाक्य बोलली.

काय बोलली? शेवटी सांगते. आधी पिल्लाला काढू दे.

काका खाली वाकला. बघतो तर काय! चपला काढल्या. कान धरले. नारळ दोन्ही हातांनी उचलला.

नारळ हलला.
पेडल दबलं, पार तळाला.
प्लेट सुटली.
गिअर पडला, खट्. कर्रर्र नाही की काही नाही.
चाक फिरलं, गर गर गर.
बीळ उघडलं.

आत सगळी माती. उंदरी उकरते, उकरते, उकरते.
माती हलली. एक मिशी आली. दुसरी मिशी आली.
चुईं.

उंदरीने पिल्लाला चाटलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत. पुन्हा शेपटीपासून डोक्यापर्यंत.

टेम्पो फेरी करून आला. काकाने नारळ फोडला, फट्ट. पहिला तुकडा कुणाला? बिळाच्या दारात ठेवला. पिल्लाने खाल्लं खोबरं, कुरुम कुरुम.

आणि स्टिअरिंगवर उभी राहून उंदरी काय बोलली होती? ती बोलली होती, "पूजेचा नारळ पायाखाली कसा हो ठेवलात, काका?"