मक्यावरची नक्षी

“दसऱ्यापर्यंत या मक्याच्या एकाही पानावर काही दिसता कामा नये! दिसलं, तर राखणदार हद्दपार!” रणधवल महाराज बांधावरून कडाडले.

‘काही’ म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगणार कसं? तो शब्द त्यांनीच बंद केला होता! लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण गालांवर खुणा राहिल्या. गादीवर बसताच त्यांनी राजवाड्यातले आरसे उतरवले आणि फर्मान काढलं, की राज्यात कुणी ‘डाग’ म्हणायचं नाही. दिवाण अंतोबा तर इतके सावध, की धोतरावर आमटी सांडली तरी “नक्षी उमटली” म्हणायचे.

अशा राज्यात राजमळ्यातल्या मक्यावर करपा रोग आला. खालच्या पानांवर लांबट तपकिरी डाग दिसताच राखणदार हैबती धावत वर्दी द्यायला गेला. दिवाणजींनी ती दरबारात आपल्या भाषेत पोचवली, “महाराज, मक्याला नक्षी आली आहे!”

“वा! येऊ द्या आणखी!” महाराज खूश झाले.

नक्षीही मोठी आज्ञाधारक निघाली! ढगाळ, ओलसर हवेत ती एकेक पान वर चढत गेली. महाराज स्वतः पाहायला आले, तेव्हा खालची पानं वाळायला लागली होती. आता दोष कुणाचा? अर्थात हैबतीचा! म्हणूनच बांधावरून तो हद्दपारीचा हुकूम सुटला.

तो बिचारा घरी डोकं धरून बसला. “सगुणे, बांधाबांध कर. करपलेलं पान पुन्हा हिरवं झालेलं बघितलंयस कधी?”

“न्हाई बाबा,” त्याची लेक म्हणाली. “पर कणीस येतं तिथली अन् त्याच्या वरची पानं अजून साफ हायत. दाणा तीच भरत्यात. ती वाचवू.”

“अन् खालच्यांचं?”

“त्यांचं उत्तर मी देते. तुम्ही मोरचूद अन् कळीचा चुना आणा!”

सगुणाने दोन मडक्यांत दोन्ही वेगवेगळं कालवलं, मग एकत्र केलं. विळ्याचं पातं बुडवून पाहिलं. पात्यावर तांबूस थर चढला, म्हणजे मोरचूद जास्त झालेलं; तेव्हा आणखी चुना घातला. शिंपायला तिने राजवाड्यातल्या रंगपंचमीच्या पितळी पिचकाऱ्या मागितल्या. दिवाणजींनी मुकाट्याने दिल्या. औषध कशावर, हे विचारायचं तर तो शब्द तोंडी आला असता ना! तुरा बाहेर पडतोय तोच बापलेकीने वरची पानं भिजवून काढली.

दसऱ्याला महाराज लवाजम्यासह आले. मका वर हिरवागार होता. महाराजांनी मात्र छडीने नेमकं खालचं पान उचललं.

“हे काय आहे?”

सगुणा पुढे झाली. “त्याला काय म्हणायचं, ते सरकारांनीच सांगावं.”

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाण चाचरले, “न... नक्षी, महाराज.”

“मग ती सरकारांनीच मागवलीया! ‘येऊ द्या आणखी’ असा हुकूम होता. आम्ही हुकमाबाहेर कसं जावं?”

“नक्षी कसली! डाग आहेत ते, डाग!” महाराज ओरडले.

दिवाणांनी कानांवर हात ठेवले.

“डाग असतील तर माझं उत्तर येगळं हाय,” सगुणा म्हणाली. “औषध रोगाला पुढं जाऊ देत न्हाई. झालेली खूण पुसत न्हाई. सरकार, तुमचा जीव ज्या वैद्यानं वाचवला, त्याला थोरल्या महाराजांनी काय दिलं?”

“सोन्याचं कडं.”

“तुमच्या गालांकडं बघून हद्दपार न्हाई केलं?”

हैबतीने डोळे मिटून घेतले. महाराजांचा हात आपोआप गालावर गेला. मग त्यांनी एक कणीस मोडलं, सोललं. दाणे शेंड्यापर्यंत भरलेले! ते कणसाकडे पाहत राहिले आणि एकाएकी पोट धरून हसू लागले.

“इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर माझं तोंड दाखवणारी ही पहिलीच!”

दिवाण लगबगीने म्हणाले, “महाराज, डाग तर मलाही पहिल्यापासून दिसत होते...”

“मग बोलला का नाहीत? पुढच्या वर्षी मक्यात पिचकारी तुम्ही धरायची! आणि पहिला डाग दिसला, की त्याच नावाने वर्दी द्यायची!”

महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हाती दिलं, हैबतीची राखणदारी कायम केली आणि हसू आवरत हुकूम सोडला, “जा रे, कुणीतरी आरसा घेऊन या!”