दाबके साहेबांचे बूट

मिरजेच्या कुमुदताई हसबनीस घरी नानकटाई करून विकायच्या. पण त्यांचा ओव्हन तापला, की त्याच्या मुठीला हात लावताच करंट बसायचा. तक्रार केली, की ओव्हनच्या कंपनीचे दाबके साहेब जाड रबरी बुटांसकट थेट स्वयंपाकघरात यायचे, मूठ घट्ट धरायचे आणि म्हणायचे, "कुठाय करंट? बाई, हा तुमच्या मनाचा वहम आहे."

तीनदा असंच झालं. चौथ्यांदा साहेबांनी छापील कागदच पुढे केला. "ओव्हन ठीक आहे म्हणून सही करा. यापुढे तक्रार घेणार नाही."

"करते की!" कुमुदताई म्हणाल्या. "फक्त फरशी आत्ताच पुसलीय. बूट बाहेर काढा आणि एकदा हात लावून दाखवा."

साहेब ऐटीत अनवाणी आत आले. ओली फरशी पायाला गार लागली आणि त्यांचा हात मुठीपासून वीतभर अलीकडेच थांबला.

"लावा ना, साहेब!"

"तसं नाही... ओल्या फरशीवर, अनवाणी..."

"अहो, वहम माझ्या मनात आहे ना? मग बूट तुम्हाला कशाला हवेत?"

दारात जमलेल्या शेजारणी खो खो हसत सुटल्या. साहेब आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी बटण बंद करून ओव्हनची पाठ उघडली. आत एका वायरचं आवरण जळून ती पत्र्याला टेकली होती आणि अर्थिंगही सुटलं होतं. त्यांनी वायर बदलली, अर्थिंग जोडलं, मीटरने तपासलं आणि ओव्हन तापल्यावर मूठ सगळ्यांच्या आधी स्वतःच, अनवाणी धरली. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या.