कोरड्या कागदाचा घाट

घाटावरच्या वाकड्या झाडाखाली बोन घराण्यातल्या माणसाने उघड्या डोक्याने, मान खाली घालून, सगळ्यांच्या मागे उभे राहायचे. का, ते विचारायचे नाही. डेला बोनला हे बोलायला लागल्यापासून बजावले होते.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, एका लहान नदीच्या काठी ते झाड आहे. पाण्यावर इतके ओणवे, की पुरात फांद्या बुडतात. दर एप्रिलात गाव तिथे जमतो. त्या वर्षी पाहुण्यांना कथा सांगायला गावातले सर्वांत वयस्कर गृहस्थ, पेटन, उभे राहिले.

"कर्नल व्हिटलॉक आधी वकील. समोरच्याचा साक्षीदारसुद्धा त्यांच्याच बाजूने बोलून जाई, म्हणे. मग विधानसभेत गेले. देशात यादवी युद्ध पेटले तेव्हा गावातली तेवीस पोरे घेऊन निघाले. नदीला पूर. नावाडी साइलस बोन आयत्या वेळी वल्ही टाकून पळाला, असे सांगतात. कर्नलनी स्वतः वल्ही हाती घेतली. मध्यावर नाव उलटली. पोरांतला एकही वाचला नाही. कर्नलना मात्र नदीने काठावर आणून ठेवले, आणि त्यांच्या खिशातल्या भाषणाचे एक अक्षरही पुसले नाही! त्या सत्यापुढे हे झाड झुकले, ते झुकलेच."

पेटननी काचेच्या पेटीतला कागद दाखवला. पुरुषांनी टोप्या काढल्या.

आता बोन घरातल्या एकाने पुढे येऊन म्हणायचे, 'आमच्या माणसाने दगा दिला. क्षमा असावी.' डेलाचे वडील हे तीस वर्षे म्हणत आले होते. यंदा तो मान कॉलेज संपवून परतलेल्या डेलाचा होता. मानच म्हणत त्याला!

डेलाने कागद आयुष्यात पहिल्यांदाच जवळून पाहिला. एक ओघळ नाही, एक डाग नाही.

"मिस्टर पेटन, कर्नल पाण्यात किती वेळ होते?"

"तासभर तरी, म्हणे."

"आणि कागद?"

"खिशात. तोच तर चमत्कार, पोरी."

"आमच्याकडे किटलीच्या वाफेने शाई फुटते. तुमच्या नदीला तेवीस पोरे गिळता आली, शाई तेवढी गिळता आली नाही?"

मागे कुणीतरी फिसकन हसले. पेटन लालबुंद झाले. "बाप उभा आहे मागे. त्याची तरी लाज धर."

"त्याचीच धरली आहे. कर्नल नावेत चढलेच नाहीत. पोरांना पुरात ढकलून ते काठावर कोरडे उभे होते. या पाण्यात नाव जाणार नाही, हे ज्याला कळले तो दगाबाज ठरला. ठरवले कुणी? वकील तेच, साक्षीदार तेच. बाकीचे तेवीस तर तळाला!"

"डेला, वाक्य म्हण," पेटन म्हणाले.

"नाही म्हणणार. मीही नाही, आणि आमच्यातले दुसरे कुणीही नाही."

पेटननी आधारासाठी इतर म्हाताऱ्यांकडे पाहिले. कुणी स्वतःच्या बुटांकडे पाहत होते, कुणी नदीकडे. सगळ्यांच्या मागे डेलाच्या वडिलांनी टोपी शांतपणे डोक्यावर चढवली.

आजही एप्रिलात कागद दाखवून झाला, की बोनांच्या त्या वाक्याच्या जागी घाटावर मिनिटभर कुणी बोलत नाही. पाहुण्यांना ती कर्नलना दिलेली मानवंदना वाटते. म्हातारे त्यांची समजूत दुरुस्त करत नाहीत.