मधल्या धारेची उतराई

बसा, पायरीवर बसा. पण पाय पाण्यात सोडू नका. आज सर्वपित्री अमावास्या आहे आणि आज हे पाणी आपल्या एकट्याचं नाही. गोष्ट ऐकायची असेल तर मध्ये बोलायचं नाही. मी उंबरघाटच्या मंडळातला सगळ्यात जुना माणूस, आणि सगळ्यात तिरसटही, हे तुम्हाला गावात कुणीही सांगेल.

फार वर्षांपूर्वी, या घाटाला दगड लागले नव्हते आणि तो पलीकडचा पूल कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हा या सावती नदीवर एक नावाडी होता. तो कुणाचा, कुठला, कुणाला ठाऊक नव्हतं. उंबराच्या मुळाशी फडक्यात गुंडाळलेलं मूल एका म्हाताऱ्या कोळणीला सापडलं, तिनं ते वाढवलं, आणि पोरगं वल्हं धरण्याजोगं झालं तेव्हा ती गेली. त्याला सगळे नावाडीदादा म्हणत. तेच त्याचं नाव, तेच आडनाव.

सुगीला घरोघरचं धान्य त्याला मिळायचं, म्हणून गावातल्या माणसाकडून तो पैसा घेत नसे. पण उतराई, म्हणजे पलीकडे उतरवण्याचं मोल, सोडत नसे हो! नाव मधल्या धारेला आली की वल्हं आडवं धरायचा आणि म्हणायचा, तुमच्या घरातल्या जुन्या माणसाची एक गोष्ट सांगा. आजा कुठून आला, आजीचा हात कशाला गोड होता, कुणी कुणाशी भांडून विहीर वेगळी खणली. गोष्ट झाल्याशिवाय नाव पुढे सरकायची नाही. लोक कुरकुरायचे, बाजाराला उशीर होतो म्हणायचे, पण सांगायचे. ज्याच्या घरी चूल नाही तो दुसऱ्याच्या चुलीशी जाऊन बसतो, तसं त्याचं होतं. ऐकलेलं तो कधी विसरला नाही, असं म्हणतात.

मग एका श्रावणात सावती चढली. इतकी चढली की खालच्या आळीतून वर गावात दिवसाउजेडी पाणी शिरलं. नावाडीदादानं नाव घातली आणि माणसं काढू लागला. आठ माणसांची ती नाव, पण त्या दिवशी जेवढे बसले तेवढे मावले, असं म्हणतात. तो जिथून वल्हं मारी तिथलं पाणी घटकाभर आडवं पडे, असंही म्हणतात. हसू नका. ज्यांचे पणजे त्या नावेतून वाचले त्यांच्या घरी विचारा. तरीही सगळे वाचले नाहीत. घरोघरची म्हातारी माणसं गेली, खालची तांबट आळी तर सगळीच गेली. तिथली मागे राहिली एकटी सगुणा, दीड वर्षापूर्वीच सासरी आलेली, कडेवर चार महिन्यांचा मुलगा.

पाणी ओसरलं, भाद्रपद आला, सर्वपित्री आली. उरलेलं गाव आपापल्या माणसांना पाणी द्यायला इथेच, या उंबराखाली जमलं. सगुणा बाळाच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरून नदीत उतरली. भटजींनी बाप, आजा, पणजा अशी तीन नावं विचारली. नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव लोकांनी सांगितलं. पणज्याचं कुणाला येईना, कारण ज्यांना येत होतं ते सगळे वाहून गेले होते. आणि सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेनं तोंडात घेऊ नयेत ही तेव्हाची रीत, मग ती विचारणार तरी कशी? नाव नसेल तर पाणी पोचत नाही, अशी गावाची समजूत. तो कुणी पणजा तहानलेला राहणार आणि त्याचा दोष या तान्ह्या लेकराला लागणार, या धास्तीनं तिनं बाळाची ओंजळ घट्ट दाबली. ओंजळीतलं पाणी गळायला लागलं.

तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला नावाडीदादा म्हणाला, "रवळोजी. डाव्या हातानं हंडा ठोकायचे. तुझ्या सासऱ्यानं मला मधल्या धारेत सांगितलंय."

सगुणेनं पाणी सोडलं.

मग काय, सगळं गावच त्याच्याकडे वळलं. पुरानं घराघरातली म्हातारी माणसं नेली होती आणि त्यांच्याबरोबर नावं. एकेकजण पुढे येई, नावाडीदादा नाव सांगे, सोबत एक गोष्ट सांगे, आणि माणूस रडत रडत पाणी देई. सूर्य कलेपर्यंत त्याचा आवाज बसला नाही आणि एकही नाव चुकलं नाही, असं म्हणतात.

शेवटी तो एकटा राहिला. भटजींनी सहज विचारलं, आता तुमची नावं सांगा. त्यानं ओंजळ भरली. ओठ हलले, पण नाव निघेना. ज्याच्या तोंडून गावाचे सगळे पितर पाणी प्यायले, त्याच्याकडे स्वतःसाठी एक नाव नव्हतं. आणि गावाला तेव्हा कळलं की जन्मभर आपण याला आपलंच सांगत आलो, तुला कोण आहे रे बाबा, असं एकानंही कधी विचारलं नाही. माना खाली गेल्या. आमच्या पूर्वजांची चूक आहे ती, मी का झाकू?

सगुणा बाळाला घेऊन पुन्हा पाण्यात उतरली. म्हणाली, "दादा, आमचे ते तुमचे. आमच्या रवळोजींना पाणी द्या."

आणि ज्या बाईनं सासरचं नाव कधी उच्चारलं नव्हतं तिनं तिन्ही नावं मोठ्यानं घेतली, नवऱ्याचंसुद्धा. नावाडीदादानं ओंजळ सोडली. मागून प्रत्येक घर आपापली नावं त्याला देऊ लागलं. त्या संध्याकाळी सावती वाहायची थांबली होती, असं म्हणतात. सकाळी नाव उंबराला बांधलेली सापडली, वल्हं आत नीट ठेवलेलं. नावाडीदादा पुन्हा कुणाला दिसला नाही. गावानं त्याचं अकरा दिवस सुतक धरलं, घरच्या माणसाचं धरतात तसं.

तेव्हापासून आमचं मंडळ. मंडळ म्हणजे काय, तर दहा-बारा रिकामटेकडी माणसं, असं आमची ही म्हणते. घाटावरचं शेवाळ खरवडायचं, जुनी भांडी जपायची, म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाइलमध्ये भरून ठेवायचं. आता पूल आहे, नावेची गरज कुणालाच नाही. तरी सर्वपित्रीला आम्ही नाव घालतो, मधल्या धारेला वल्हं आडवं धरतो आणि प्रत्येकाकडून उतराई घेतो.

तीन वर्षांपूर्वी एक बाई आली होती, अनाथाश्रमात वाढलेली. सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली आणि ओंजळ भरून तशीच थांबली. नाव काय घेऊ म्हणाली, मला कुणी नाही. आमचा गजानन तांबट, सगुणेच्याच घरातला, तिच्या शेजारी पाण्यात उतरला आणि म्हणाला, आमच्यांना द्या.

ती बघा, निळ्या लुगड्यातली, नावेत चढणाऱ्यांना हात देतेय तीच. दरवर्षी येते. मधल्या धारेत तिची पाळी आली की सगळ्यांना सांगते, आमच्यात रवळोजी म्हणून होते, डाव्या हातानं हंडा ठोकायचे.