बोकडांची साक्ष

नगरपालिकेच्या कत्तलखान्याचा ठेका आप्पासाहेब ढेकण्यांकडे होता. त्यांच्या वाटेला गेलेल्या मागच्या तपासनिसाची आठवड्यात बदली झाली होती. हे ठाऊक असूनही जनावरांच्या डॉक्टर निलोफर मुलाणी तपासणीला आल्या.

आप्पासाहेबांनी आधीच कुणकुण लागल्यामुळे नळी लावून फरशी लख्ख धुऊन घेतली होती. पण कोंडवाड्यातले बोकड त्या ओल्या फरशीलाच जिभा लावत होते, आणि शेजारचा हौद कोरडा ठणठणीत होता.

"कापायच्या जनावरालाही शेवटपर्यंत पाणी मिळालं पाहिजे, आप्पासाहेब."

"आत्ताच तर पोटभर प्यालेत! म्हणून तर हौद रिकामा झालाय." आप्पासाहेब हसले, मग आवाज चढवून म्हणाले, "तक्रार कोणाची आहे, डॉक्टरीणबाई? एक तरी बोकड साक्षीला उभा करा, नाहीतर उद्या तुमची बदली झालीच म्हणून समजा."

खाटकांचे सुऱ्या परजणारे हात थांबले. फरशी धुण्याची नळी उचलून निलोफरबाईंनी हौदात सोडली.

पाण्याचा आवाज होताच सगळा कळप एकमेकांच्या पाठीवर चढत हौदाकडे धावला. वाटेत उभे असलेले आप्पासाहेब भिंतीला जाऊन आदळले आणि त्यांचं कडक इस्त्रीचं धोतर खुरांच्या चिखलानं माखलं.

"आजचं काम बंद," निलोफरबाई म्हणाल्या. "तुम्ही एकच साक्षीदार मागितला होतात, आप्पासाहेब. आता यांतले किती फितवणार, तेवढं सांगा."