शेवटच्या नळाचा चहा

पावसाळ्यातल्या त्या दिवशी ऊन होतं की ढग, हे आता छातीठोक सांगवत नाही. चंपाक्काचं बोलणं मात्र शब्दशः आठवतं, निदान मला तसं वाटतं.

वाघदऱ्याच्या पाण्याच्या टाकीत रोज जंतुनाशक पावडर टाकायचं काम तिचं. मी रसायनशास्त्रातला डॉक्टर, जिल्ह्याहून पाणी तपासायला गेलेलो. गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी ग्लासात घेतलं आणि माझ्या बाटलीतले थेंब त्यात टाकले. पावडर तिथवर पोचली असेल तर पाणी पिवळं होतं. ते झालं नाही.

"बाई, पाणी धोक्याचं, गावाला लाल कार्ड. आणि तुमचं काम उद्यापासून बंद."

तिने ग्लास माझ्यापुढे धरला. "सायेब, सकाळीच टाकलीया की. वास तर घ्या."

"वासावर सरकार चालत नाही."

तिने दुसरा ग्लास भरला आणि डब्यातली चिमूटभर पावडर माझ्यादेखत त्यात ढवळली. वासाने माझे डोळे चुरचुरले.

"आता टाका थेंब."

टाकले. पाणी जसंच्या तसं.

ती हळूच म्हणाली, "पानी तुमी तपासलं, पर बाटली कुनी तपासली? लाल कार्ड तिलाच द्या की."

बाटलीतलं औषधच निकामी झालं होतं. माझी मान खाली गेली. तिने मात्र घरी नेऊन चुलीवर आधण ठेवलं. "च्या घ्या सायेब. त्याच नळाचा हाय."

निवृत्तीनंतर धीर करून तिथल्या आरोग्य केंद्रातली जुनी नोंदवही पाहिली. त्या पावसाळ्यात वाघदऱ्यात जुलाबाचा एकही रुग्ण नव्हता.