नायकाचा अर्धा नवस

आमच्याकडे धाकटी सून नवीन आली, तेव्हा मी गणपतीपुढे एक नेम बोलले होते. वर्षभर संकष्टीचे मोदक तिच्याच हातचे, कसे का होईनात. पोरीने त्याआधी कधी उकड काढली नव्हती. पहिल्या संकष्टीला मोदकपात्राचं झाकण उघडलं, तर सारण एकीकडे आणि पारी एकीकडे. वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, देवाचं काम आहे. आज तुम्हीच चार वळा पटकन." मी म्हटलं, "नाही हो, नेम बोललेय." तेच फुटके मोदक केळीच्या पानावर मांडले, वर तुपाची धार सोडली आणि चंद्राची वाट बघत बसलो. सुनेचे डोळे भरले होते. तेव्हा मी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. तशीच तुम्हालाही सांगते.

एका डोंगरात एक गाव होतं. डोंगरात सपाट जागा ती किती असणार? साऱ्या गावाला मिळून एकच मैदान. सकाळी तिथे वासरं चरत, सुगीला तिथेच मळणी होई, आणि उन्हं कलली की पोरंसोरं फुटबॉल खेळत. त्या राज्यात फुटबॉलचं वेड फार. राजालाही होतं. पण राजाला घोड्यांचंही वेड होतं. म्हणून त्याने दवंडी पिटवली होती की, जे गाव ओळीने तीन वर्षं स्पर्धेत तळाला राहील, त्याचं मैदान घोड्यांच्या पागेला जाईल.

आपलं हे गाव दोन वर्षं तळाला होतं. तिसरं वर्ष उजाडलं.

एके काळी या गावाचा संघ वाऱ्यासारखा धावायचा. पण आता तेच खेळाडू पिकले होते. गोलरक्षक तर संघाच्या नायकाला स्वतःच म्हणायचा, "नायक, चेंडू आधी जातो, मग मी पडतो. लोक म्हणतात झेप घेतली."

संघात तीन नवी पोरंही होती. एक कुंभाराचा, एक धनगराचा आणि एक नावाड्याचा. पण ती खेळत नसत. पाण्याची घागर भरायची, लिंबं चिरायची, जांभळीखाली बसून सामना बघायचा. कुणी विचारलं, तर नायक म्हणे, "कच्ची आहेत अजून."

"मग पिकणार कधी? झाडावर चढवलं तर ना!" गोलरक्षक हसे.

नायक स्वतः आता खेळत नसे. मैदानाच्या कडेला पारावर बसून तो संघ चालवी. त्याच्या खांद्यावर एक तांबडं उपरणं असे. कुणाला बाहेर काढायचं झालं की तो उठून उभा राही आणि उपरणं हलवी. साऱ्या गावाला ती खूण ठाऊक होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नायक बायकोला घेऊन ग्रामदेवीच्या देवळात गेला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "आई, जुन्यांच्या पायात आता जोर नाही. यंदा मी तिन्ही पोरांना खेळवीन. पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत खेळवीन. जिंकू नाहीतर हरू. तू फक्त पाठीशी राहा."

बायको म्हणाली, "अहो, नीट विचार करून बोला. बोललेलं पाळावं लागतं."

"विचार करूनच बोललोय," नायक म्हणाला.

पहिला सामना सुरू झाला. तिघेही मैदानात होते. गावाला नवल वाटलं, पण पोरं पळत होती झकास. कुंभाराचा पोरगा तर दोनदा गोलपाशी पोचला. आणि मग त्याच्याकडून घात झाला. आपल्याच गोलासमोर त्याने चेंडू दिला, तो नेमका समोरच्या संघाच्या पायात. गोल झाला, सामना हातचा गेला असं वाटायला लागलं.

लोक ओरडले, "अरे, जा, मडकी भाज! चेंडू म्हणजे काय चाकावरचा गोळा वाटला का?"

नायकाने मान खाली घातली. मनात आलं, नवस बोललोय. पण कानात ओरडा शिरत होता. तो उठला आणि उपरणं हलवलं. कुंभाराचा पोरगा बाहेर आला, घागरीपाशी बसला. त्याच्या जागी जुना खेळाडू गेला. तरी सामना गेलाच.

घरी बायको म्हणाली, "नवस तिघांचा होता."

"देवीला कळतं गं. दोघे आहेत ना अजून."

पुढचा सामना आला. त्यात धनगराचा पोरगा घसरला आणि त्याच्या मागून चेंडू गोलात गेला. लोक म्हणाले, "मेंढरं वळ जा रे बाबा, तुझं काम नव्हे हे!" पुन्हा उपरणं हललं. धनगराचा पोरगा बाहेर आला, पण तो घागरीपाशी थांबला नाही. तडक चालत मैदानाबाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी कळप घेऊन डोंगरापलीकडे निघून गेला.

त्या रात्री नायकाच्या बायकोने ताट वाढलं आणि ती चुलीकडे वळली. नायकच म्हणाला, "एक आहे ना. त्याला नाही काढणार."

आता उरला नावाड्याचा पोरगा. त्याच्याकडून चूकच होईना! चेंडू आला की तो लगेच मागे देई. समोर वाट मोकळी असली, तरी मागे देई. नायक खूश झाला. गोलरक्षकाला म्हणाला, "हा बघ, कसा सांभाळून खेळतो."

गोलरक्षक या वेळी हसला नाही. "नायक, हा खेळत नाहीये. हा लपलाय."

नायकाने ते कानाआड केलं. पुढचे सामने कधी बरोबरीत सुटले, कधी गेले. असं करत शेवटचा सामना आला. तो नुसता बरोबरीत सुटला, तरी गाव तळातून एक पायरी वर येणार होतं आणि मैदान वाचणार होतं. सारा गाव कडेला उभा होता. बायांनी देवीला ओटी बोलली होती. वासरंसुद्धा त्या दिवशी दुसरीकडे बांधली होती.

एक गोल अंगावर होता आणि वेळ संपत आली होती. एवढ्यात गोलरक्षकाने लांब मारलेला चेंडू उंच गेला आणि नावाड्याच्या पोराच्या पायाशी येऊन पडला. समोर कुणी नाही. त्यांचा गोलरक्षक पाय घसरून पडलेला. गोल उघडा.

"मार!" सारा गाव ओरडला. "अरे, मार!"

पोराने पाय उचलला. आणि मान वळवून मागे पाराकडे पाहिलं.

तेवढंच. समोरच्या संघाचा एक खेळाडू बाजूने धावत आला आणि चेंडू घेऊन गेला. शिट्टी वाजली.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. माणसं एकेक करून घरी गेली. मैदानात पोरगा एकटाच उभा होता. नायक त्याच्याजवळ गेला.

"का रे? मागे का बघितलंस?"

पोरगा म्हणाला, "तुम्ही उठलात का, ते बघायला."

नायकाचा हात खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला.

आठवड्याभरात राजाची माणसं आली. मैदानाला कुंपण पडलं, घोडे आले. गावातली लहान पोरं कुंपणाला नाक लावून उभी राहत आणि हाकलली की परत येत. सुगीला मळणी रस्त्यावर घालावी लागली, निम्मं धान्य मातीत गेलं.

नायक देवळात जाऊन बसला. बायको दिव्यात तेल घालत होती. तो म्हणाला, "नवस बोललो, तरी देवी पावली नाही."

बायकोने वात सारखी केली. म्हणाली, "रागावू नका. तुम्ही नवस कशाचा बोलला होता? जिंकण्याचा की पोरांना खेळवण्याचा?"

"खेळवण्याचा."

"मग तो फेडायचा कुणी होता?"

नायक उठला. मग त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी केली, देवीच्या पायाशी ठेवलं आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो कुंभाराच्या दारी जायला लागला. पोरगा चाकावरून मान वर करीना. "मला माझं चाक बरं," एवढंच म्हणे. नायक रोज जाई आणि न बोलता माती तुडवून देई. किती दिवस गेले कोण जाणे, पण एका संध्याकाळी पोराने हात धुतले आणि त्याच्याबरोबर निघाला. नावाड्याचा पोरगाही आला. धनगराच्या पोराला निरोप पाठवला, पण तो काही परतला नाही. डोंगरापलीकडे त्याने दुसरं गाव धरलं होतं.

खेळायला आता नदीच्या कडेचं कोरडं पात्रच होतं. पायाखाली गोटे, कडेला बाभळी. दोन दगड मांडले, झाला गोल. नावाड्याच्या पोरापुढे चेंडू आला. समोर वाट मोकळी होती. त्याने डोळे मिटून लाथ मारली आणि चेंडू गोल सोडून थेट बाभळीत जाऊन अडकला.

सवयीने त्याने मागे वळून पाहिलं.

नायक दगडावर बसला होता. त्याचा खांदा मोकळा होता.

"बघतोस काय?" नायक म्हणाला. "काटे सांभाळून चेंडू काढ. आणि परत मार."

मैदान त्या गावाला पुन्हा कधी मिळालं नाही. पण नदीच्या पात्रात रोज संध्याकाळी आरडाओरडा ऐकू येऊ लागला, आणि मागे वळून बघणारं कुणी राहिलं नाही.

तात्पर्य: नव्या हाताला काम देणं हा अर्धाच नवस, पहिली चूक झाल्यावर ते काढून न घेणं, हा उरलेला अर्धा.

तेव्हा बाई गं, बाबा रे, तुमच्याही घरात, दुकानात, शेतात कुणी नवं माणूस असेल. आज देवापुढे दिवा लावाल तेव्हा त्याच्या नावाने एवढा एक नेम बोला. आणि पहिला मोदक फुटला, तर तोच पानावर ठेवा.